तहकूब म्हणजे रद्द नव्हे

तुमच्या गावची शेवटची ग्रामसभा कधी संपली, हे तुम्हाला ठाऊक आहे का? कधी भरली ते विचारत नाही. भरते तेव्हा भोंग्यावरून सगळ्या गावाला कळतं. मी विचारते आहे, संपली कधी? शेवटचा विषय मंजूर झाला तेव्हा त्या खोलीत कोण कोण होतं? तुम्ही होतात का?

माझ्या गावात मी हा प्रश्न विचारत फिरले, तेव्हा बहुतेकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. एवढी शिकलेली पोरगी आणि एवढी साधी गोष्ट ठाऊक नाही! एक आजोबा तर समजावून सांगायलाच बसले. "ग्रामसभा कायची संपते वं? ते तं तहकूब होते."

गाव भंडारा–पवनी रस्त्याच्या पट्ट्यातलं आहे. अड्याळच्या अलीकडे की कोंढ्याच्या पलीकडे, ते सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची गावं निश्चिंत होतात. आमच्याकडे आठवडी बाजार भरतो, बँक आहे, लग्नाचा हॉल आहे, म्हणून आम्ही स्वतःला शहर समजतो. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी घंटागाडी फिरते. ओल्या-सुक्या कचऱ्याचं गाणं मध्येच बंद पडतं आणि चपराशाचा आवाज येतो, "सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे." मग परत कचऱ्याचं गाणं. सभागृहात लाल खुर्च्या मांडतात. टेबलावर निळं कापड, त्यावर पाण्याच्या बाटल्या, त्या टेबलामागच्यांसाठी. पहिल्या रांगेत ठेकेदार आणि माजी पदाधिकारी. मागे म्हातारी माणसं, ज्यांना आपल्या घरकुलाचं काय झालं एवढंच विचारायचं असतं आणि जी दरवेळी तेवढंच विचारायला येतात. बायका दारात, पदर सावरत, आत यावं की नाही अशा. ग्रामसेवक मान उंच करून डोकी मोजतात. आमच्यासारख्या मोठ्या गावाला शंभर मतदार हजर लागतात. याला गणपूर्ती म्हणतात. ती होत नाही. सरपंच उठून घसा साफ करतात: "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे." म्हातारे काठ्या शोधतात, बायका दारातून बाजूला होतात, सभागृह रिकामं होतं.

आणि अर्ध्या तासानं त्याच सभागृहात, त्याच टेबलामागे, तीच सभा परत भरते. कायद्यानं तशी मुभा आहे, कारण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. टेबलामागची माणसं आणि पहिल्या रांगेतली चार-सहा मिळून सगळे विषय मंजूर करून टाकतात. गाव तेव्हा जेवत असतं.

मुभा कशासाठी दिली असेल ते मला कळतं. पुरेशी माणसं आली नाहीत म्हणून गावाचं काम अडू नये. ती अडचणीच्या दिवसासाठीची सोय होती. आमच्याकडे ती कामाची पद्धत झाली. सभा तहकूब होणार हे धरूनच खुर्च्या मांडल्या जातात. तहकुबीनंतरच्या नाश्त्याची बेरीजसुद्धा उरणाऱ्या माणसांपुरतीच असते. समोशांचा पुडा मागच्या दारानं येताना मी स्वतः पाहिला आहे.

हा शब्द मला लहानपणापासून ओळखीचा होता. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा मोर्च्यांना जायचे आणि वाटून उरलेला गठ्ठा सायकलच्या कॅरियरला बांधून आणायचे. गुलाबी, पिवळी, हिरवट. माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. शाळेत निबंध शिकण्याआधी मी निषेध वाचायला शिकले. त्या पत्रकांत असायचं, 'तूर्त आंदोलन तहकूब'. मी बाबांना विचारलं होतं, म्हणजे संपलं का? बाबा म्हणाले, "संपलं कसं? दम घेऊन राहिले. दम घेतला की परत."

पण गावाच्या तोंडी तहकूब म्हणजे रद्द. खलास. माझ्या आतेभावाची सोयरिक मोडली तेव्हा आत्या शेजारणीला म्हणाली, "तहकूब झाली बाई, पोरीवाल्यायनं नाई म्हनलं." मंडईच्या जत्रेत पाऊस आला आणि दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य, तहकूब झाली, म्हणजे ती त्या वर्षी परत झालीच नाही. लाईट गेली की टीव्ही तहकूब. शाळकरी पोरंसुद्धा खेळात भांडण झालं की बॅट उचलून म्हणतात, "जा बे, मॅच तहकूब!" यावर आम्ही हसायचो. आता मला हसू येत नाही.

कारण या शब्दापायी माझ्या मोठ्या मायची जागा जायची वेळ आली.

मोठी माय म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण. आमची माणसं तलावात आणि नदीत मासे धरणारी. पुरुष जाळं टाकतात, बायका बाजारात बसतात. मोठी माय बाजारातल्या कडुलिंबाखाली बसते. तिच्याआधी त्याच जागी तिची सासू बसायची. समोर विळा, बाजूला पाण्याचं घमेलं, त्यात रोहू नाही तर मरळ, पलीकडे वाळल्या झिंग्यांचा ढीग. ती गिऱ्हाइकाला भाव सांगण्याआधी शिव्या देते. "हात नको लावू माश्याले, तो काय तुया सासऱ्याचा हाये?" लोक हसतात आणि मासे घेतात. तिच्या रांगेत टोलीतल्या, म्हणजे आमच्या मासेमाऱ्यांच्या वस्तीतल्या, आणखी बायका असतात. एसटीचा थांबा जवळ, पंचायतीचा नळ हाताशी, डोक्यावर सावली. मासे विकायला याहून जास्त काही लागत नाही, आणि याहून कमी चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात पंचायतीच्या सूचना फलकावर ग्रामसभेचे विषय लागले. त्यातला एक विषय होता मच्छी बाजार हलवण्याचा. कडुलिंबाखालच्या जागेवर व्यापारी गाळे बांधायचे आणि मासेवाल्या बायकांना नाल्यापलीकडे जागा द्यायची. नाल्यापलीकडे मोक्षधामाची वाट आहे. तिथं झाड नाही, नळ नाही, आणि मेलेल्या माणसासोबतच जिवंत माणसं जातात. मी फलकाचा फोटो काढला आणि टोलीत जाऊन वाचून दाखवला. मोठी माय तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"मसनाच्या रस्त्यावर मासोरी कोन घेते वं?"

"म्हणूनच ग्रामसभेला जायचं आणि नाही म्हणायचं," मी म्हणाले. "सगळ्यांनी."

"आमचं आयकन का कोनी?"

"ग्रामसभेत ऐकावंच लागतं. तिथं सरपंचापेक्षा गाव मोठं असतं."

हे मी पत्रकांतून शिकले होते आणि ते खरं आहे. कायद्यातही तसंच आहे. टोलीनं ते मनावर घेतलं. धानाच्या रोवणीचे दिवस होते, टोलीतल्या बायकाही या बांधावरून त्या बांधावर रोवणीला जात होत्या. तरी त्यांनी ठरवलं की त्या दिवशी कोणी चिखलात उतरणार नाही. मी भंडाऱ्याला एका शिकवणीवर्गात शिकवते. त्या दिवशी परीक्षा होती, सुट्टी मिळाली नाही. मी मोठ्या मायला सांगितलं की सभा झाली की लगेच फोन कर.

दुपारच्या आधीच फोन आला.

"बाई, तहकूब झाली!" तिचा आवाज आनंदानं फाटला होता. मागे बायकांचा कालवा ऐकू येत होता. "सरपंचानं सोता उभं राहून सांगतलं. आता मले कोनी नाई उठवत."

"मोठी माय, तू कुठं आहेस आत्ता?"

"घराकडं जाऊन राहिलो आमी सपाई जनी. एक मरळ राखून ठेवली हाये, रांधतो आज. तू येजो."

"घरी जाऊ नको! परत फिर! सभा रद्द नाही झाली, ती परत भरणार आहे. तिथंच बसून राहा!"

"हव हव, बसून नको राहू, लवकर ये," ती म्हणाली. तिच्या बाजूनं बहुतेक ट्रक जात होता, तिला धड ऐकू गेलं नव्हतं. फोन बंद झाला. मी परत लावला, परत लावला. ती फोन पिशवीत घालून त्यावर गाठ मारते. घर आल्याशिवाय ती गाठ सुटत नाही.

पेपर दुसऱ्या मास्तरांच्या हवाली करून मी बसस्थानकावर धावले. पवनी गाडी लागली होती, पण कंडक्टरला चहा प्यायचा होता. मग रस्त्यावर बैलबंड्या, मग रोवणीच्या रोपांच्या पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर. मी गावात उतरले तेव्हा चपराशी लाल खुर्च्या एकात एक घालत होता. टेबलावर समोशाचे तेलकट कागद होते. ग्रामसेवक कपाटाला कुलूप लावत होते.

"सर, सभा झाली?"

"झाली ना."

"पण तहकूब झाली होती."

"तहकूब झालेलीच झाली, मॅडम. सर्व विषय मंजूर."

"मच्छी बाजाराचा?"

"तोपण."

"कोणी विरोध केला नाही?"

"विरोधाला कोणी नव्हतंच."

ते हसत नव्हते. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. ते थकलेले, नियमानं वागलेले, घरी जायच्या घाईतले गृहस्थ होते.

"बायकांना तुम्ही सांगितलं का, की अर्ध्या तासानं परत सभा आहे?"

"फलकावर लावतो आम्ही."

"त्यातल्या कितींना वाचता येतं?"

"त्याला मी काय करणार?"

"सर, या गावात तहकूब म्हणजे रद्द समजतात. तुम्हाला माहीत आहे ते."

त्यांनी किल्ली खिशात टाकली. "माहीत आहे. पण मॅडम, मराठी तुमची भाषा आहे. शब्दाचा अर्थ आता ग्रामपंचायतीनं शिकवायचा का?"

उत्तर मला पायऱ्या उतरता उतरता सुचलं, आणि तेव्हापासून ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. हो, शब्दाचा अर्थ ग्रामपंचायतीनंच शिकवला! आमच्या टोलीत हा शब्द कोणी शब्दकोशातून आणला नाही. तो या सभागृहाच्या दारातून आला. दरवेळी कोणी तरी उभं राहून तहकूब म्हणालं, दरवेळी माणसं उठली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर त्यानंतर काहीच घडलं नाही. जे घडलं ते बंद दाराआड. पिढ्यान् पिढ्या एका शब्दामागून रिकाम्या खुर्च्या दिसल्या, तर माणूस त्या शब्दाचा दुसरा कोणता अर्थ लावेल? आमच्या माणसांचं मराठी कच्चं नाही. त्यांनी पाहिलं तेच ते शिकले. ज्यांनी शिकवलं, त्यांना आपण काय शिकवतो आहोत याची पुरती कल्पना होती, आणि ते त्याच्यावर कारभार चालवत आले. वर भाषेचा दोष आमचा.

मोठ्या मायच्या घरी पोचले तेव्हा अंगणात मरळीच्या रश्श्याचा वास होता. तिनं मला ताट वाढलं. टोलीतल्या दोघी-तिघी कुडाला टेकून बसल्या होत्या आणि सभेची नक्कल करत होत्या. एक ग्रामसेवक झाली होती आणि मान उंच करून माणसं मोजत होती. त्यातून मला कळलं की बायका फाटकाबाहेर, झाडाखाली उभ्या होत्या.

"आत का नाही गेलात?"

"मासोरीचा वास येते म्हन्तेत ना," नक्कल करणारी म्हणाली. "मून आमी बाहेरच ठाकलो. चपराशी आला, म्हने आतले तेवढेच मोजतो."

म्हणजे त्या आल्या होत्या आणि आल्या नव्हत्या. काम सोडून, लुगडी बदलून आलेल्या त्या साऱ्या जणी गणपूर्तीत धरल्याच नव्हत्या. वास येतो म्हणून ज्यांना बाहेर उभं राहायची सवय लावली, त्यांनाच बाहेर उभ्या होत्या म्हणून वगळलं. त्या धरल्या असत्या तर कदाचित सभा तहकूबच झाली नसती.

मी घास न घेता सांगून टाकलं. सभा झाली. विषय मंजूर झाला. गाळे होणार.

मोठी माय हातातला झारा घेऊनच पुढे आली. बाकीच्यांनी माझं नीट ऐकलं की नाही अशा नजरेनं एकमेकींकडे पाहिलं.

"तहकूब झाल्यावर?" ती म्हणाली.

"तहकूब झाल्यावर."

"मंग तहकूब कायले म्हनलं? सरळ 'जा' म्हनायचं ना. कुत्र्याले म्हन्ते तसं."

ती आत गेली. त्या मरळीचं पुढं काय झालं ते मला आठवत नाही. माझ्या ताटातला भात गार झाला एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सरपंच चहाच्या टपरीवर भेटले. मला पाहून त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आली पाहा पत्रकवाल्याची पोट्टी. का छापून राहिली आता?"

"भाऊ, तुम्ही बायकांना फसवलं."

"मी? मी तं कायद्याचा शब्द बोललो. आता लोकायले समजत नसन तं मी का करू? आन् गाव सुधरवायचं का नाई? बाजारात पाहुणे येतेत, नाकाले रुमाल लावतेत."

"तुमच्या घरी मागच्या बाजारी दोन रोहू गेले. तेव्हा रुमाल लावला होता का वहिनींनी?"

कोणी तरी फिस्सकन हसलं. सरपंच पण हसले, तेवढा दिलदारपणा त्यांच्यात आहे. "घरच्या मासोरीचा वास नाई येत, बाई," ते म्हणाले. चहाचे पैसे त्यांनीच दिले. माझा चहा मी प्यायले नाही.

यानंतरचे महिने मी सुट्टीच्या दिवशी टोलीत एकच काम केलं. एका शब्दाचा अर्थ बदलायचा. हे काम मोर्चा काढण्याहून अवघड आहे हे मला पत्रकांनी कधी सांगितलं नव्हतं. मी म्हणायची, तहकूब म्हणजे थांबलेली सभा. टोलीतली सगळ्यात म्हातारी बाई म्हणायची, "मायी हयात गेली. तहकूब मंजे खतम. तू कालची पोर, तू मले शिकवतं का?"

"आजी, तुम्ही रोवणीला जाता. दुपारी भाकर खायला बांधीबाहेर येता. तेव्हा रोवणी संपली का?"

"नाई. जेवन झालं का परत."

"मग तेच. तहकूब म्हणजे त्यांची भाकर खायची सुट्टी. समोशाची."

"मंजे आमाले बांधीबाहेर काढून, परत रोवणी तेच करतेत?"

"हो."

"आन् धान?"

"धान त्यांच्याच घरी."

म्हातारीनं मग ज्या शिव्या दिल्या, त्या छापता येणार नाहीत. पण शब्द तिला बरोबर कळला होता.

पुढची ग्रामसभा लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला तेव्हा लागली. या वेळी मी आधीच रजा टाकली होती. गाळ्यांच्या जागेवर तोवर चुन्याच्या रेघा ओढून झाल्या होत्या. मोठी माय त्या रेघांवरच घमेलं मांडून बसायची, आणि तिला दर बाजारी कोणी तरी सांगून जायचं की हे शेवटचं.

बायका आल्या आणि फाटकाशी अडखळल्या. पाय सवयीनं झाडाकडे वळत होते. मोठी माय पुढे झाली, सभागृहात शिरली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसली. ठेकेदार उभेच राहिले. तिच्यामागून सगळ्या आल्या. खुर्च्या संपल्या तशा सतरंजीवर बसल्या. ग्रामसेवकांनी मान उंच करून मोजलं. टोलीतले पुरुष कापणीला गेले होते, गावातले बाकीचे नेहमीप्रमाणे आले नव्हते. शंभर भरले नाहीत.

सरपंच उठले. घसा साफ केला. "गणपूर्तीअभावी सभा तहकूब करण्यात येत आहे."

कोणी हललं नाही.

सरपंचांना वाटलं ऐकू गेलं नाही. त्यांनी परत म्हटलं. मग हात हलवून म्हणाले, "तहकूब झाली ना बायाहो. जा आता घरी."

मोठ्या मायनं पदर नीट केला. "कवापर्यंत तहकूब हाय गा, भाऊ?"

सभागृहात असा हशा झाला की चपराशी बाहेरून डोकावला. सरपंचांनी ग्रामसेवकांकडे पाहिलं. ग्रामसेवक टेबलावरच्या निळ्या कापडाकडे पाहत होते.

"अर्ध्या तासानं," ग्रामसेवक शेवटी म्हणाले.

"मंग आमी कायले जाऊन? बसतो," ती म्हणाली. मागून कोणी तरी पुरवणी जोडली, "समोसे आमालेबी मांगवजा!"

तो अर्धा तास मी विसरणार नाही. टेबलामागे कोणाला काय करावं सुचत नव्हतं. उपसरपंच फोन कानाला लावून बाहेर गेले आणि परत आले. सरपंचांना भंडाऱ्याला एक काम असल्याचं आठवलं, पण गाडीची किल्ली त्यांनी हातातच फिरवत ठेवली. बायकांनी फडक्यातल्या भाकरी सोडल्या. समोशांचा पुडा मागच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला.

सभा सुरू झाली. मोठी माय बोलायला उठली. बाजारात जी बाई गिऱ्हाइकाच्या सासऱ्यापर्यंत पोचते, तिला इथं शब्द सापडेना. मग ती एवढंच म्हणाली, "नाल्यापलीकडं पानी नाई. सावली नाई. मासोरी दुपारपर्यंत सडते. तिकडं मले बसवता तं घरीच बसवा म्हना. सरळ सांगा, तुमचा धंदा बंद." आणि ती बसली.

मी उभी राहिले आणि ठराव रद्द करायची मागणी केली. सतरंजीवरून हात वर झाले. सरपंच म्हणाले, ठराव एकदा झाला तो झाला. मी म्हणाले, ज्या सभेनं केला, तीच ही सभा आहे. बराच गोंधळ झाला. शेवटी ग्रामसेवकांनी तोडगा वाचून दाखवला. विषय फेरविचारासाठी पुढील ग्रामसभेपुढे ठेवण्यात येत आहे. तोपर्यंत गाळ्यांचं काम सुरू करू नये.

मोठ्या मायनं माझ्याकडे वळून पाहिलं. "मंजे तहकूब?"

"तहकूब," मी म्हणाले.

"खरं तहकूब?"

"खरं."

ती कडुलिंबाखाली अजून बसते. तो आमचा विजय आहे असं मी लिहिणार नाही. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या आहेत, गेल्या नाहीत. पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा दिवस कोणता निवडतील ते मला आत्ताच ठाऊक आहे, ज्या दिवशी टोलीला घर सोडणं सगळ्यात महाग पडेल तो. आणि मला राग याचा आहे की एका बाईला आपल्या सासूच्या जागी बसून मासे विकायला कायद्याचं मराठी शिकावं लागलं, एका दिवसाची मजुरी सोडावी लागली, आणि तरीही तिला मिळाली ती फक्त पुढची तारीख. ज्यांना गाळे हवेत, त्यांना यातलं काहीच करावं लागलं नाही. ते फक्त उठले नाहीत, एवढंच. इतकी वर्षं सगळा कारभार त्या न उठण्यावर चालला.

हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना मी देणगी मागत नाही, सही मागत नाही. तुमच्या गावची पुढची ग्रामसभा लागेल तेव्हा जा. आत जाऊन बसा, दारात नाही. कोणी उठून तहकूब म्हणालं तर खुर्ची सोडू नका. किती वाजता आणि कुठे परत भरणार, ते मोठ्यानं विचारा. जे उत्तर मिळेल, ते फाटकाबाहेर झाडाखाली उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडून सांगा, आणि त्यांना आत बोलवा.